किरणोत्सर्गी आणीबाणी: डॉक्टर, पोलीस, जवान आणि तलाठ्यांना तयार कसं करायचं?

सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात अग्निशमन दलाचे जवान एक संशयास्पद वस्तू उचलून नदीत टाकायच्या बेतात होते. बंद पडलेल्या एका रेडिओथेरपी केंद्रातलं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं होतं आणि त्यातला किरणोत्सारी सीझियम-१३७चा स्रोत हातोहात फिरत तिथवर आला होता. ऐनवेळी किरणोत्सर्ग मोजणारं मीटर घेऊन पोचलेल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने जवानांना अडवलं. गंमत अशी की काही वेळापूर्वी मीटरचा काटा टोकाला गेलेला पाहून त्यालाही यंत्रच बिघडलंय असं वाटलं होतं. तो परत गेला, दुसरं मीटर घेऊन आला आणि मगच त्याची खात्री पटली. पुढे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जण दूषित आढळले, चार जण दगावले.

त्या जवानांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. धोकादायक वस्तू वस्तीपासून लांब न्यायची, हेच त्यांना शिकवलेलं होतं आणि ते तेच करत होते. किरणोत्सर्गाच्या घटनेत पहिला तासभर अशाच माणसांच्या हातात असतो: पोलीस ठाण्याचा उपनिरीक्षक, १०८ रुग्णवाहिकेतला डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर, मंडळ अधिकारी. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तज्ज्ञ किंवा एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) तुकडी येईपर्यंत निर्णय यांनीच घ्यायचे असतात. म्हणून प्रशिक्षणात अणुशास्त्र कमी ठेवावं आणि ज्याच्या-त्याच्या कामातले चार-पाच निर्णय घोटून घ्यावेत, असं माझं मत आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी, रुग्णालयाचे कॅज्युअल्टी प्रमुख किंवा अग्निशमन दलातले प्रशिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. उदाहरणं बहुतेक पालघर जिल्ह्यातली आहेत, कारण १९६९ पासून वीज देणारं तारापूर अणुऊर्जा केंद्र तिथेच आहे.

पायरी १: कोणती घटना, कोणाची माणसं

अणु आणीबाणी म्हटलं की सगळ्यांना चेर्नोबिल आठवतं. जिल्ह्याच्या यंत्रणेला मात्र घटना दोन निरनिराळ्या जातींच्या आहेत आणि दोन्हींची तयारी वेगळी असते.

पहिली अणुऊर्जा केंद्रातली. आपल्याकडे तिच्या चढत्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: प्रकल्पापुरती, केंद्राच्या आवारापुरती आणि आवाराबाहेर परिणाम करणारी. पहिल्या दोन केंद्राने सांभाळायच्या. तिसरी जाहीर झाली की बाहेरच्या कामाची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. त्यासाठी केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या पट्ट्याचं नियोजन आधीपासून केलेलं असतं. अशा घटनेत सहसा काही तास हाताशी असतात आणि सल्ला द्यायला केंद्रातले तज्ज्ञ असतात.

दुसरी घटना कुठेही घडू शकते: इंडस्ट्रियल रेडिओग्राफीचा (वेल्डिंगचे सांधे किरणांनी तपासण्याच्या कामातला) इरिडियम-१९२चा स्रोत हरवणं, कोबाल्टची वाहतूक करणाऱ्या ट्रकला अपघात, भंगारात आलेलं जुनं यंत्र. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हेच झालं. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातला कोबाल्ट-६० फोडला गेला आणि त्यात एकाचा जीव गेला. अशा घटनेत सूचना मिळत नाही. ही किरणोत्सर्गाची घटना आहे हेच मुळात कोणाला तरी ओळखावं लागतं.

माझा आग्रह असा की तारापूरच्या जवळचा जिल्हा असला तरी निम्मा वेळ या दुसऱ्या जातीला द्यावा. शेतमालाला किरणं देणाऱ्या लासलगावच्या विकिरण केंद्रापासून शहरातल्या कर्करोग रुग्णालयांपर्यंत आणि फॅब्रिकेशनच्या कारखान्यांपर्यंत स्रोत सर्वदूर आहेत. आपल्या हद्दीत असे स्रोत कुठे आहेत आणि तिथले किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी कोण, ही यादी पहिल्या बॅचच्या आधी तयार हवी.

पायरी २: भौतिकशास्त्र दोन तासांत

अणूची रचना, क्षय साखळी वगैरे स्लाइड्स काढून टाका. चार गोष्टी पक्क्या झाल्या की पुरे.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: किरणोत्सर्ग अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं, म्हणजे दूषण, वेगळं. उन्हात उभा राहिलेला माणूस सावलीत आला की ऊन सोबत आणत नाही. धुळवड खेळून आलेला मात्र घरभर रंग नेतो. फक्त किरणं पडलेल्या रुग्णाला हात लावल्याने कोणालाही काही होत नाही. अंगावर धूळ असलेल्या रुग्णाबाबत ती धूळ आवरायची असते. एवढं डोक्यात बसलं नाही तर नर्स रुग्णाला हात लावणार नाही आणि ड्रायव्हर गाडीत घेणार नाही.

दुसरी: वेळ, अंतर, आडोसा. हे पाठ करून घेऊ नका, गणित करायला लावा. उघड्या स्रोतापासून १ मीटरवर मीटर ताशी ४० मिलिसिव्हर्ट दाखवतोय (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक; एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट). २० मीटरवर किती? अंतर वीसपट, म्हणून मात्रा चारशे पट कमी: ताशी ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १०० मायक्रोसिव्हर्ट. आता दुसरा प्रश्न. त्याच स्रोताशेजारी १ मीटरवर बेशुद्ध पडलेल्या माणसाला बाहेर काढायला तीन मिनिटं लागली, तर जवानाला किती? २ मिलिसिव्हर्ट. किरणोत्सर्गात काम करणाऱ्या व्यक्तीची आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. हे आकडे शेजारी मांडल्यावर वर्गातली कुजबुज थांबते. माणसाला बाहेर काढता येतं आणि काढलंच पाहिजे, हे प्रत्येकाने आपल्या पेनने सोडवलेलं असतं.

तिसरी: मीटर. प्रत्येकाच्या हातात द्या, नुसतं दाखवू नका. आधी पार्श्वभूमी मोजा. बहुतेक ठिकाणी ती ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास येते. मग खताच्या दुकानातून आणलेली पोटॅशची पिशवी दूषण मोजणाऱ्या गायगर मीटरखाली ठेवा. नैसर्गिक पोटॅशियम-४०मुळे टिकटिक वाढते. ज्या शेतकऱ्याच्या मुलाने हे पोते खांद्यावरून वाहिलं आहे, त्याची भीती तिथेच निम्मी होते. खरा स्रोत वापरायचा असेल तर परवानाधारक संस्था आणि तिचा सुरक्षा अधिकारी यांच्याशिवाय नाही.

आणि काटा टोकाला गेला तर मागे फिरायचं. चेर्नोबिलला १९८६ साली सुरुवातीला हाताशी असलेली मीटर ताशी ३.६ राँटजेनपर्यंतच (किरणोत्सर्गाचं जुनं एकक) दाखवू शकत होती. काटा तिथे अडकला आणि वरपर्यंत तोच आकडा कळवला गेला. ‘मीटर एवढं दाखवतोय’ आणि ‘मीटर याच्यापुढे दाखवू शकत नाही’ यातला फरक प्रत्येकाला तोंडी विचारा.

चौथी गोष्ट म्हणजे चिन्हं. पिवळ्यावरची तीन पाती सगळ्यांना माहीत असतात. लाल त्रिकोणात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस असलेलं २००७ सालचं चिन्ह फारसं कोणी पाहिलेलं नसतं. ते यंत्राच्या आत, स्रोताजवळ असतं. ते दिसलं याचा अर्थ कोणीतरी नको तेवढं उघडलंय.

पायरी ३: जागेवरचा पहिला तास

पोलीस आणि अग्निशमन दलाची बॅच एकत्र घ्या, कारण घेरा दोघांनी मिळून घालायचा असतो. मीटर नसतानाही घेरा घालता येतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पहिल्या प्रतिसादकांसाठी दिलेली अंतरं खिशातल्या कार्डावर छापून द्या: उघडा किंवा फुटलेला स्रोत असेल तर भोवताली ३० मीटर, मोठी सांडलवंड असेल तर १०० मीटर, आग, स्फोट किंवा धूर असेल तर ३०० मीटर, बॉम्बचा संशय असेल तर किमान ४००. मीटर आला की ताशी १०० मायक्रोसिव्हर्टची रेघ शोधून घेरा तिथे सरकवायचा.

आत जाणाऱ्यासाठी दोन आकडे. ताशी १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे फक्त जीव वाचवण्यासाठी, तेही अर्ध्या तासाच्या आत. ताशी १००० मिलिसिव्हर्टच्या पुढे तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एककांची गफलत ही या कामातली सगळ्यात स्वस्तात होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, म्हणून वायरलेसवर ‘मिली’ आणि ‘मायक्रो’ पूर्ण उच्चारून, समोरच्याकडून परत वदवून घ्यायची सवय लावा.

जीव वाचवण्याच्या कामात ५०० मिलिसिव्हर्टपर्यंतची मार्गदर्शक मर्यादा जगभर मानली जाते. पण अशा कामाला माणूस स्वेच्छेने, धोका समजून गेला पाहिजे आणि गरोदर कर्मचाऱ्याला त्यात घ्यायचं नाही. ही चर्चा घटनास्थळी होत नसते. वर्गात, शांतपणे, प्रत्येकाला बोलू देऊन करा.

बाकी नियम थोडे आहेत. संशयित वस्तूला हात लावायचा नाही. आत काही खायचं-प्यायचं नाही. तंबाखू मळायचीही नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण सवयीने हात तोंडाकडे जातो. बाहेर पडताना हात धुवायचे, कपडे बदलायचे आणि आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव व वेळ लिहायची. कागद आणि घड्याळ घेऊन बसणारा एक हवालदार आधीच नेमून ठेवा. मात्रेचा हिशेब लावताना ती वही सोन्याच्या मोलाची ठरते.

पायरी ४: रुग्णालय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात.

जपानमधल्या तोकाइमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी इंधन प्रक्रियेच्या कारखान्यात अपघात झाला. रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना तो किरणोत्सर्गाचा आहे हे सांगितलंच गेलं नव्हतं. याच्या उलट टोकाची चूक आपल्याकडे होण्याची शक्यता मला जास्त वाटते: कोणीतरी ‘रेडिएशन’ म्हणेल आणि फुटलेल्या मांडीतून रक्त वाहणारा माणूस मीटरची वाट बघत स्ट्रेचरवर पडून राहील. म्हणून पहिल्याच व्याख्यानात क्रम ठरवून टाका. श्वास, रक्तस्राव, शॉक हे आधी, दूषण नंतर. टोपी, मास्क, गाऊन, दुहेरी हातमोजे, बुटांवर आवरण हा ऑपरेशन थिएटरचा रोजचा वेश बहुतेक दूषित रुग्णांसाठी पुरतो. वरचे हातमोजे वारंवार बदलायचे, एवढीच भर.

मग प्रत्यक्ष सराव. रुग्णवाहिकेतून येणारा रुग्ण दोन चादरींत गुंडाळलेला असावा. गाडी कमी घाण होते. वेगळं दार, जमिनीवर प्लास्टिक, चिकटपट्टीची रेघ आणि रेघेवर उभी एक सिस्टर, जी कोणालाही तपासल्याशिवाय पलीकडे जाऊ देत नाही. अगदी सिव्हिल सर्जनलाही नाही. तिला तो अधिकार सगळ्यांसमोर द्या. बाहेरचे कपडे डोक्यावरून ओढून न काढता कात्रीने कापून, आतली बाजू बाहेर गुंडाळत काढायचे. एवढ्यानेच बहुतेक दूषण निघून जातं. नंतर जखमा, मग नाक-तोंड-डोळे, शेवटी अखंड त्वचा. कोमट पाणी आणि साधा साबण. ब्रशने खरवडायचं नाही, कारण सोललेल्या त्वचेतून पदार्थ आत जातो.

हा भाग शिकवायला फ्लुरोसंट पावडर आणि अतिनील दिवा ही स्वस्त आणि निर्दय जोडी आहे. रुग्ण झालेल्या स्वयंसेवकाला पावडर लावा, टीमला काम करू द्या, मग दिवे घालवून अतिनील प्रकाश टाका. दाराच्या कडीवर, पेनवर, कोणाच्या तरी कपाळावर पावडर चमकते. शंभर स्लाइड्सनी होत नाही ते या दोन मिनिटांत होतं.

डॉक्टरांसाठी वेगळं सत्र घ्या. किरणं पडल्यानंतर उलटी किती वेळाने झाली हे लिहून ठेवायचं. तासाच्या आत झाली तर प्रकरण गंभीर समजायचं. पण भीतीनेही उलट्या होतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांत दर सहा तासांनी रक्ताची तपासणी करून लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कसे घसरतात ते बघायचं. गुणसूत्रांवरून मात्रा काढण्यासाठी रक्त कुठे आणि कसं पाठवायचं, हे आधीच ठरवून भिंतीवर लावायचं. सीझियम पोटात गेलं असेल तर प्रशियन ब्लू, प्लुटोनियम किंवा अमेरिशियमसाठी डीटीपीए. ही औषधं तालुक्याला नसतात. ती कुठून मागवायची हे माहीत असणं पुरे.

एक गोष्ट डॉक्टरांना वारंवार सांगा: हातावर भाजल्यासारखी जखम आहे पण भाजल्याची हकिगत नाही, शिवाय उलट्या, केस गळणं, रक्तातल्या पेशी कमी, असा भंगारवाला किंवा वेल्डर ओपीडीत आला तर किरणोत्सर्गाचा विचार करा. गोयानियात आणि मायापुरीत घटना उघडकीला यायला डॉक्टरांची हीच शंका कारणीभूत ठरली.

पायरी ५: महसूल, एसटी, शाळा, पशुसंवर्धन

अणुऊर्जा केंद्रातल्या आणीबाणीत लोकांना काय सांगायचं याचे तीन पर्याय असतात: घरात थांबा, आयोडीनची गोळी घ्या, बाहेर पडा. तहसीलदारांच्या बॅचला हे तिन्ही नकाशासह द्या आणि अडचणी त्यांनाच काढू द्या. त्यांना गाव माहीत असतं.

घरात थांबणं पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या घरात उपयोगी. कारवीच्या कुडाच्या घरात त्याचा फायदा फार थोडा. मग त्या पाड्याला जवळच्या आश्रमशाळेत न्यायचं का? किती वेळात? किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री उलटा वाहतो, हे लक्षात घेऊन बसचा मार्ग बदलेल का? जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्राजवळच्या नामिएच्या लोकांनी २०११ मध्ये त्सुशिमा भागात आसरा घेतला आणि किरणोत्सारी ढग नेमका तिकडेच गेला. अंदाज वर्तवणाऱ्या प्रणालीची माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

समुद्रात गेलेल्या बोटींना कोण कळवणार? एमआयडीसीतल्या परप्रांतीय कामगारांसाठी हिंदीतली आणि पाड्यांसाठी वारलीतली घोषणा कोणी रेकॉर्ड करून ठेवली आहे का? घोषणेचा मजकूर आज लिहून घ्या. त्या दिवशी लिहायला बसलात तर त्यात ‘घाबरू नका’ एवढंच येईल.

आयोडीनच्या गोळीबद्दल गैरसमज फार. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतं. ते किरणोत्सर्गावरचा उतारा नाही आणि मायापुरीसारख्या घटनेत त्याचा काडीचा उपयोग नाही. प्रौढांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, त्याहून लहान बाळांना आणखी कमी. लहान मुलं आणि गरोदर बाया पहिल्या, चाळिशीपुढचे शेवटी. ढग येण्याच्या थोडं आधी किंवा नंतर दोन तासांत घेतली तर उत्तम. आठ तासांपर्यंत काहीसा उपयोग. म्हणजे गोळ्या जिल्ह्याच्या भांडारात कुलूपबंद असतील तर त्या नसल्यातच जमा. फुकुशिमाजवळच्या मिहारू गावाने वरून आदेश आलेला नसतानाही आपल्या जबाबदारीवर गोळ्या वाटल्या होत्या. आशा सेविकेला आदेश कोण देणार आणि तो आला नाही तर काय, हा प्रश्न सत्रात मांडा आणि उत्तर लेखी घ्या.

स्थलांतराचा सराव करताना सगळे धडधाकट माणसांना बसमध्ये चढवतात आणि टाळ्या वाजवतात. फुकुशिमाजवळच्या फुताबा रुग्णालयातल्या आणि त्याच्या वृद्धाश्रमातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घाईघाईने, उपचारांची सोय नसताना हलवलं गेलं. त्या धावपळीत ४०हून अधिक जण दगावले. तिथे किरणोत्सर्गापेक्षा स्थलांतर जीवघेणं ठरलं. प्रत्येक गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या, डायलिसिसवरच्या, दिवस भरत आलेल्या लोकांची यादी ग्रामपंचायतीकडे हवी, आणि त्यांना कधी *हलवायचं नाही* हेही त्यावर लिहिलेलं हवं.

पशुसंवर्धन आणि अन्न-औषध प्रशासनाला बहुधा बोलावलंच जात नाही. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये वाढलेल्या थायरॉइड कर्करोगाचं मोठं कारण दूषित दूध होतं. दूध संकलन केंद्र बंद करण्याचा अधिकार कोणाचा, गुरांना आत बांधून सुका चारा घालायचं कोण सांगणार, हे त्यांना ठाऊक हवं.

पायरी ६: सराव, जो फसला पाहिजे

आधी टेबलाभोवती, मग नियंत्रण कक्षापुरता, मग मैदानात. हा क्रम मोडू नका. आवाराबाहेरच्या आणीबाणीचा सराव दोन वर्षांतून एकदा होतो. तोवर थांबायचं कारण नाही. तीन तासांचा टेबलटॉप दर सहा महिन्यांनी सहज होतो.

आपल्याकडच्या मॉक ड्रिलची अडचण सगळ्यांना माहीत आहे. तारीख आधी जाहीर, रुग्णवाहिका फाटकाशी उभी, पाहुण्यांना खुर्च्या, तासाभरात ‘सराव यशस्वी’. यातून कोणी काही शिकत नाही. संहिता दोनच माणसांना माहीत असू द्या आणि मधेच चिठ्ठ्या सोडा. मोबाइल टॉवर बंद. एसटीचे निम्मे ड्रायव्हर आले नाहीत, कारण ते स्वतःच्या घरच्यांना घेऊन निघून गेले. वारा फिरला. आमदारांचा फोन: अमुक गाव यादीत का नाही? व्हॉट्सअॅपवर खोटा आकडा फिरतोय. नियंत्रण कक्ष सोडावा लागतोय. ही शेवटची चिठ्ठी कल्पनेतली नाही: फुकुशिमाचं आणीबाणी केंद्र अणुभट्ट्यांपासून जेमतेम ५ किलोमीटरवर होतं, ते वीज आणि संपर्काअभावी नीट चाललं नाही आणि १५ मार्च २०११ रोजी तिथून हलवावं लागलं. तुमच्या पर्यायी कक्षाची किल्ली कोणाकडे आहे?

निरीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातले बोलवा आणि त्यांना घड्याळ द्या. पहिल्या फोनपासून घेरा पूर्ण होईपर्यंत किती मिनिटं. रुग्ण दारात आल्यापासून रक्तस्राव थांबेपर्यंत किती. लोकांपर्यंत पहिली घोषणा कधी. सराव संपल्यावर त्याच दिवशी, चहाच्या आधी, चुका बोलून घ्या. आधी शिपाई आणि सिस्टर बोलतील, साहेब शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात.

पत्रकारांनाही खेळात घ्या. एकच प्रवक्ता, ठरलेल्या वेळी, आकड्यासोबत तुलना: ‘ताशी ०.३ मायक्रोसिव्हर्ट, नेहमीपेक्षा जास्त, पण घर सोडण्याची गरज नाही.’

पायरी ७: बदल्या, बॅटऱ्या आणि उजळणी

शिकवलेला तहसीलदार तीन वर्षांत बदलून जातो आणि त्याच्याबरोबर प्रशिक्षणही जातं. म्हणून यादी माणसांची न ठेवता पदांची ठेवा. पदभार देण्याघेण्याच्या कागदात ‘किरणोत्सर्ग आणीबाणी पुस्तिका व मीटर’ अशी ओळ घाला. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात अर्ध्या दिवसाचं सत्र द्या. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन स्थानिक प्रशिक्षक तयार करा, शक्यतो बदली न होणारे: आयटीआयचा निदेशक, महाविद्यालयातला भौतिकशास्त्राचा शिक्षक, कारखान्यातला सुरक्षा अधिकारी. पुढच्या पातळीच्या प्रशिक्षणासाठी एनडीआरएफची पुण्याजवळची पाचवी बटालियन आणि नागपूरची अकादमी आहे. निवडक लोक तिकडे पाठवा आणि परत आल्यावर त्यांच्याकडून एक बॅच शिकवून घ्याच.

मीटर कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा, नाहीतर गळतात. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी ते चालू करून पार्श्वभूमी मोजायची, आकडा वहीत लिहायचा, सही करायची आणि कॅलिब्रेशनची (मीटर बरोबर मोजतो का या तपासणीची) तारीख बघायची. वहीत तीन महिने सारखाच आकडा दिसला तर मीटर कोणी कपाटाबाहेर काढला नव्हता असं समजा आणि पुढच्या महिन्याचं माप स्वतः उभं राहून घ्या.